ओहायोला चाललाच आहात, तर...

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला साताऱ्यात सगळे पहिल्यांदा नायगाऱ्याबद्दल विचारतात. मी नायगारा पाहिला नाही. मी टेक्सास ते ओहायो या रस्त्याच्या दोन्ही कडा पाहिल्या, आणि त्याही एका अशा ट्रकमध्ये बसून, ज्यात सामान ठेवायचं नसतं. हे ऐकल्यावर लोक विचारतात, मग त्याला ट्रक कशाला म्हणायचं? मीही तोच प्रश्न दाजींना विचारला होता. त्यावर त्यांनी मला तासभर इंजिन समजावून सांगितलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. ते सत्तरच्या दशकात तिकडे गेले, तेलाच्या धंद्यात इंजिनिअर म्हणून राबले आणि ह्यूस्टनजवळ शुगर लँड नावाच्या गावी स्थिरावले. गावाच्या नावात साखर आहे, हवेत मात्र नुसता घाम. मी २००७ च्या ऑगस्टमध्ये पोचलो तेव्हा त्यांचं घर विकलं गेलं होतं. दाजी आणि आक्का आता ओहायोत, डब्लिन गावात, एकुलत्या एका मुलीजवळ फ्लॅट घेऊन राहणार होते. घरातलं सामान मोठ्या गाडीतून पुढं गेलं होतं. मागे उरले होते दोन पलंग, थोडा स्वयंपाकाचा पसारा आणि गराजमध्ये तो ट्रक.

शुगर लँड

ट्रक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतो तसला हा नव्हे. पुढं दोनच माणसांची केबिन, मागं उघडा हौदा, रंग काळा, उंची ठेंगणी. नव्वदीच्या सुरुवातीला एका कंपनीनं हौसेखातर असे मोजकेच ट्रक बनवले आणि मग बंद केले. त्याच्या इंजिनात हवा कोंबणारा टर्बो असतो. त्यामुळे तो शर्यतीच्या गाड्यांनाही मागे टाकतो, असं दाजी सांगतात. पण मागे जास्त वजन टाकू नये, अशी चिठ्ठी खुद्द कंपनीनंच ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या ऊन अडवणाऱ्या झडपेला चिकटवलेली आहे. ती मी स्वतः वाचली.

दाजींनी हा ट्रक एका दंतवैद्याच्या मुलाकडून घेतला तेव्हा तो पुढून चेचलेला होता. त्यानंतर त्यांनी निम्मं आयुष्य त्याच्याखाली उताणं पडून काढलं. बंपर एका राज्यातून, दिवा दुसऱ्यातून, आणि कडेची एक प्लास्टिकची पट्टी सापडेपर्यंत मुलगी शाळेतून कॉलेजात गेली. पुढचा भाग पुन्हा रंगवावा लागला, पण मागचा हौदा अजून कारखान्यातल्या मूळ रंगाचा होता. त्यावर दाजींचा फार जीव. मला साताऱ्याहून एकच गोष्ट आणायला सांगितली होती, ती म्हणजे आमच्या वडिलांची जुनी धोतरं. धुऊन धुऊन विरलेल्या धोतरासारखं फडकं सगळ्या अमेरिकेत मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्या वडिलांनी जन्मभर सायकलसुद्धा कधी पुसली नव्हती.

"या हौद्यात आजवर भाजीची पिशवी गेलेली नाही," आक्का मला म्हणाली. "अनघा ओहायोला कॉलेजला निघाली, तेव्हा सामानासाठी भाड्याची व्हॅन आणली ह्यांनी. व्हॅनमध्ये डेस्क मावेना. ह्यांनीच हातानं केलेलं डेस्क. पोरगी म्हणाली, ट्रकमध्ये टाका ना बाबा. तर म्हणे, रंग जाईल. डेस्क राहिलं मागे आणि पुढं गराज सेलमध्ये, जुनं सामान दारात मांडून विकतात ना, त्यात गेलं."

आक्कानं हे हसत सांगितलं आणि मीही हसलो.

आता त्याच अनघाच्या हातात ट्रकचं भवितव्य होतं. नव्या फ्लॅटला गराज नव्हतं आणि ओहायोच्या बर्फात ट्रक उघड्यावर ठेवणं म्हणजे दोन हिवाळ्यांत भंगार. जागा होती ती अनघाच्या घरी. तिनं फोनवर सगळ्यांदेखत अट घातली होती.

"बाबा, तो स्वतःच्या व्हील्सवर आला तर ठेवीन. ट्रेलरवर टाकून आणायचा नाही. चालत नाही ती गाडी नाही, ते सामान. सामानाला माझ्या गराजमध्ये जागा नाहीये, आय ॲम सॉरी."

नाहीतर ह्यूस्टनचा एक गिऱ्हाईक तयारच होता. तो दर आठवड्याला फोन करून तब्येत विचारायचा, दाजींची नव्हे, ट्रकची. दाजी त्याच्याशी बोलताना उभे राहत. ट्रक वाटेत बंद पडला तर त्यालाच कळवायचं, हे ठरलेलं होतं. दाजींना दुसरं व्यसन नाही, मित्र बेताचे, देवधर्म नाही. ट्रक गेला असता तर ओहायोच्या त्या फ्लॅटमध्ये त्यांनी दिवसभर काय केलं असतं, हे आक्कालाही सांगता येईना. आक्का विमानानं जाणार होती. केबिनमध्ये दोनच जागा असल्यानं सोबतीला मी. मला गाडी चालवता येत नाही, हे सगळ्यांनी चालवून घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी घात झाला, आणि तो आक्कानंच केला. निरोपाच्या जेवणाला तिला पाट्यावरची चटणी करायची होती, म्हणून पाटा-वरवंटा सामानाच्या गाडीतून गेलाच नव्हता. साताऱ्याहून लग्नात आलेला काळा दगड. जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "हा आता विमानातून नेऊ का? तुम्ही चाललाच आहात."

 दाजींनी आत जाऊन माझ्या वडिलांचं एक धोतर आणलं, पाटा बाळासारखा गुंडाळला आणि हौद्यात ठेवला.

तो तिथं असलेला जेवायला आलेल्या मंडळींनी पाहिला. आपल्या लोकांचं एक आहे. कुणी कुठं निघालं की त्याच्या हाती काहीतरी द्यायचंच. साताऱ्याहून पुण्याला जाणाऱ्या माणसाबरोबर लोणच्याची बरणी जाते. हे सगळे तीस-तीस वर्षं परदेशात राहिलेले डॉक्टर आणि इंजिनिअर, पण ती सवय काही सुटलेली नाही. इतकी वर्षं दाजींच्या ट्रकला कुणी हात लावला नव्हता, कारण त्यात काही ठेवत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाट्यानं ती आडकाठी काढून टाकली.

"अय्या, सामान ठेवता होय यात!" देशपांडे काकू म्हणाल्या. "मग एवढी पेटी फ्रिस्कोला द्याल का? वाटेतच आहे. माझा भाचा आहे तिथं."

पेटी म्हणजे हार्मोनियम. मग कुणी डब्लिनला लागून असलेल्या कोलंबस शहरातल्या मराठी शाळेसाठी पुस्तकांचे खोके आणले. कुणी तिथल्याच महाराष्ट्र मंडळासाठी मोठा पितळी हंडा आणला. दाजी प्रत्येकाला "हो, हो, अवश्य" म्हणत राहिले. ते फार भिडस्त आहेत. नाही म्हणायचं बळ त्यांच्यात फक्त घरच्यांपुरतं आहे.

फ्रिस्को

पहिला दिवस चांगला गेला. टेक्सासमध्ये पाहण्यासारखं आकाशच असतं आणि ते भरपूर असतं. आक्काच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही पेट्रोल पंपाच्या सावलीत खाल्ली. मागचा भाग थोडा बसलाय, असं दाजी दोनदा म्हणाले.

फ्रिस्को हे डॅलसच्या उत्तरेला उगवणारं गाव. सगळी घरं नवी, सगळी झाडं काठीला बांधलेली. देशपांडे काकूंचा भाचा निखिल आणि त्याची बायको ऋचा, दोघंही कॉम्प्युटरवाली, दोघंही पुण्याची. त्यांनी पेटी उतरवून घेतली आणि आग्रहानं ठेवून घेतलं. जेवायला साबुदाण्याची खिचडी आणि पिझ्झा असा बेत होता. निखिल ट्रकभोवती फिरून आला.

"काका, क्लासिक आहे यार हा! मी नेटवर फोटो बघितलेत फक्त. मायलेज काय देतो?"

दाजींचा चेहरा खुलला. मायलेजचा प्रश्न सोडून बाकी सगळ्याची उत्तरं त्यांनी दिली. जेवण होईतो ते निखिलला टर्बो समजावत होते आणि निखिल खरोखर ऐकत होता.

सकाळी निघताना ऋचा घुटमळत म्हणाली, "काका, तुम्ही ओहायोला चाललाच आहात, तर... माझ्या मैत्रिणीचं बाळ ड्यू आहे. आमचा पाळणा पडूनच आहे."

पाळणा सागवानी होता, पितळी साखळ्यांसकट. त्याच्या पाठोपाठ तिच्या मैत्रिणीनं मागवलेला इडलीचा ग्राइंडर आला, त्यातही दगडच. पेटीच्या जागी पाळणा आणि ग्राइंडर घेऊन आम्ही निघालो. एक उतरवलं की दोन चढतात, हे गणित पुढच्या मुक्कामांना लागू झालं नाही, कारण पुढं मराठी वस्ती नव्हती.

अर्कान्सा

टेक्सास संपल्यावर जमीन हिरवी होते आणि रस्ता खराब. दर खड्ड्याला मागून खर्रकन आवाज यायला लागला. दाजींनी खिडकी उघडून वास घेतला. रबर जळल्याचा होता. त्यांनी मुकाट्यानं पुढच्या फाट्याला गाडी वळवली आणि एका पंपापाशी उभी केली.

तिथं एक बाई मोठ्या भांड्यात भुईमुगाच्या शेंगा उकडून विकत होती. मिठाच्या पाण्यात, सालासकट, अगदी आपल्या ओल्या शेंगांसारख्या. अमेरिकेत आल्यापासून इतकं ओळखीचं काही खाल्लं नव्हतं. मी शेंगा सोलत उभा राहिलो आणि दाजी धोतर अंथरून ट्रकखाली शिरले. ओल्या शेंगांनी पोट भरत होतं आणि बघायला तमाशा होता, म्हणून माझं बरं चाललं होतं.

ते बाहेर आले तेव्हा घाम निथळत होता. "टायर घासतंय वरच्या पत्र्याला. मागं लोड जास्त झालाय. असंच नेलं तर फुटेल."

"मग?"

"मग काय. फुटलं की टो-ट्रकनं ओढत न्यायचं. अनघाला फोन. ह्यूस्टनला फोन."

एवढ्यात एक पांढऱ्या मिशांचा उंच माणूस आमच्याकडे जवळजवळ धावत आला. त्यानं ट्रक दुरून ओळखला होता. त्याला आयुष्यात एकदा हा ट्रक खरा पाहायचा होता, असं तो दाजींना म्हणाला. गाडीतून त्यानं बायकोला बोलावून आणलं. दोघांनी टोप्या काढून फोटो काढले. मग त्यानं हौद्यात डोकावलं, आणि देवळात कुणी चपला घालून शिरताना बघावं तसा त्याचा चेहरा झाला.

"सर, तुम्ही यातून सामान वाहताय?"

दाजींनी मान खाली घातली. परक्या मुलुखात, परक्या माणसापुढं ते ओशाळलेले मी पहिल्यांदाच पाहिले. त्या भल्या माणसानं तोडगा सुचवला. हे सगळं माझ्या कोठारात ठेवा, सोमवारी मी कुरिअर करतो. फुकट नको असेल तर मला फक्त एकदा स्टिअरिंगवर बसू द्या. दाजींनी त्याला लगेच बसू दिलं. दार लावून तो नुसता बसला, चाक धरून, बायकोकडे बघत.

दाजी माझ्याकडे वळले. "मेव्हणे, काय करू? ठेवू का इथं?"

"ट्रक तुमचा. तुम्हाला वाटेल तसं करा," मी म्हणालो. मी असंच म्हणतो नेहमी.

त्यांनी पाळण्याकडे पाहिलं, खोक्यांकडे पाहिलं. "ऋचाला काय सांगू? तुझा पाळणा रस्त्यात परक्याच्या कोठारात टाकला म्हणून? देशपांडे वहिनी तर गावभर सांगतील. नाही. लोकांनी विश्वासानं दिलंय."

मग आम्ही ते केलं, जे परदेशी जाणारी सगळी मराठी माणसं विमानतळावर बॅगेचं वजन भरल्यावर करतात. सगळं खाली उतरवलं, जमिनीवर पसरलं आणि पुन्हा लावलं. जड ते केबिनकडे, हलकं ते मागं. पाटा माझ्या पायाखाली. वरवंटा माझ्या मांडीवर. पुस्तकांचा एक खोका दाजींच्या आणि माझ्या मधे. हंडा मी पोटाशी धरला. ग्राइंडर मात्र कुठंच मावेना, तो हौद्यातच राहिला. मिशीवाल्यानं आम्हाला दोर दिला आणि हात जोडल्यासारखं काहीतरी केलं. हे त्यानं कुठं पाहिलं होतं कोण जाणे.

आवाज कमी झाला. बंद नाही झाला.

टेनेसी

त्या दिवसापासून आम्ही उजव्या कडेच्या लेननं हळूहळू जात राहिलो. शर्यतीसाठी जन्मलेल्या ट्रकला शाळेची बस, म्हाताऱ्या जोडप्यांची फिरती घरं, एकदा तर गवत कापायचं यंत्र ओढणारी खटारा गाडीसुद्धा मागे टाकून गेली. दाजी एरवी असल्या गोष्टींनी चिडले असते. आता त्यांचे कान फक्त मागच्या टायरकडे होते. मी हंडा सांभाळत टेकड्या पाहत होतो. टेनेसीच्या टेकड्या कासच्या बाजूच्या टेकड्यांसारख्याच आहेत, फक्त त्यांच्यावर कुणी चालत नाही.

नॅशव्हिलच्या अलीकडे पुढच्या गाडीनं एकदम ब्रेक लावला. दाजींनीही लावला. मागून धाडकन आवाज आला आणि दाजींच्या तोंडून फक्त "गेलं" एवढं आलं.

दोर सुटला होता. ग्राइंडर हौद्यात पुढं आपटून पुन्हा मागं गेला होता आणि त्यानं जाता-येता रंगाची साल काढली होती. मागच्या फळक्याला आतून पोचा, आणि हौद्याच्या तळाला हातभर लांब ओरखडा, पांढरा पत्रा दिसेल असा. कारखान्यातला मूळ रंग. दाजी रस्त्याच्या कडेला वाकून तो बघत राहिले. शेजारून ट्रक गेले की त्यांचा शर्ट फडफडायचा.

मला तेव्हा त्यांची फार दया आली. तसं मी त्यांना म्हणायला हवं होतं, पण मी ग्राइंडर पुन्हा बांधायला मदत केली.

 केंटकी लागल्यावर दाजी अचानक म्हणाले, "तिचं डेस्क तर हलकं होतं. पाइनचं होतं."

 मी पाट्यावर पाय ठेवून पुढं बघत राहिलो.

डब्लिन

आम्ही स्वतःच्या चाकांवर पोचलो. अनघाच्या दारात वळलो तेव्हा आक्का पायरीवर उभी होती, डोक्यावर पदर नव्हता पण हात जोडलेले होते. गराजचं दार उघडं होतं. आत सगळं झाडून ठेवलेलं, एका बाजूला दाजींची हत्यारं भिंतीला नीट टांगलेली. अनघाची स्वतःची गाडी बाहेर, उघड्यावर. म्हणजे ट्रक येणार की नाही हे कळायच्या आधीच तिनं जागा करून ठेवली होती. येत्या हिवाळ्यात बर्फ तिच्या गाडीवर पडणार होता.

मी हंड्यासकट उतरलो. अनघा हसत पुढं आली, मला वाकून नमस्कार केला, आणि मग तिनं हौद्यात पाहिलं. पाळणा. पुस्तकं. ग्राइंडर. ओरखडा.

"बाबा," ती म्हणाली. "यात सामान ठेवतात?"

दाजी म्हणाले, "लोकांनी दिलं. नाही म्हणता येईना."

"मला म्हणता आलं होतं की."

ती ओरडली नाही. आवाजही चढला नाही. आक्का "चहा टाकते" म्हणून आत गेली. दाजी उभे राहिले. एवढ्या प्रवासात ट्रकला काय झालं तर काय करायचं याची सगळी तयारी त्यांनी केली होती, याची केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही गावभर फिरून ज्याचं त्याला पोचवलं. मैत्रिणीनं पाळण्याच्या साखळ्या वाजवून पाहिल्या. शाळेच्या बाईंनी पुस्तकं मोजून घेतली. हौदा रिकामा झाला, टायर मोकळं झालं. घरी आल्यावर दाजी धोतराचा तुकडा घेऊन गराजमध्ये बसले, पण ओरखड्याला त्यांनी हात लावला नाही.

शनिवारी सकाळी अनघा चपला घालताना म्हणाली, "मीराला स्कूल डेस्क हवंय. पलीकडच्या गल्लीत गराज सेल आहे, बघून येते." मीरा तिची मुलगी, यंदा पहिलीत जाणारी.

दाजींनी खिशातून ट्रकची किल्ली काढून पुढं धरली. आक्काच्या हातातला कप बशीत वाजला. त्या ट्रकच्या चाकामागं दाजींशिवाय आजवर बसलेला एकच माणूस म्हणजे तो मिशीवाला, आणि तोही उभ्या गाडीत.

"आधी दोन मिनिटं इंजिन चालू ठेव," दाजी म्हणाले. "आणि बंद करायच्या आधी पण. टर्बो गरम..."

"आय नो, बाबा. लहानपणी तुम्ही ट्रकखाली शिरलात की टॉर्च कोण धरायचं तुमच्यासाठी?"

तिनं किल्ली घेतली. ट्रक गल्लीतून गेला तो आवाज आम्ही तिघांनी ऐकला. दाजी गराजच्या दारात उभे राहिले आणि ती परत येईपर्यंत आत आले नाहीत.

ती आली तेव्हा हौद्यात एक छोटं लाकडी टेबल होतं, कुणाच्या तरी पोरांनी शाईनं रंगवलेलं. तिनं ते दोरानं नव्हे, केबिनमध्ये पडलेल्या माझ्या वडिलांच्या धोतरानं बांधलं होतं. मीरा धावत आली.

"आजोबा, कॅन आय राइड इन द बॅक?"

"नो," दाजी म्हणाले. "ते अजिबात नाही."

अनघा हसली. दाजींनी फळका खाली केला आणि धोतराची गाठ सोडली. टेबल सरकवताना फळक्यावर आणखी एक ओरखडा उठला. हा मी माझ्या कानांनी ऐकला. दाजी थांबले. त्यांच्या हातात धोतर होतं. मला वाटलं, आता वाकून रंग पुसणार.

त्यांनी टेबल पुसलं. वरून, मग पाय, मग खणाच्या आतून, शाई निघत नव्हती तरी. मला दाजी त्या क्षणाइतके आधी कधीच आवडले नव्हते.

"चल, वर नेऊ," ते अनघाला म्हणाले. "तू पुढून धर."

अनघानं पुढून धरलं. फळका उघडाच राहिला. तो मी लावला.